गिनीची मेजवानी, पेनीचं सूप

हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की आपण ते कुठून वाचायला लागतो? खरं सांगा हं! पदार्थांची नावं डावीकडे असतात, पण नजर जाते ती उजवीकडच्या आकड्यांवर. मग मनातल्या मनात माणसं मोजायची, गुणाकार करायचा आणि तोंडानं म्हणायचं, मला काही फारशी भूक नाही बाई, मी आपला साधा डोसाच घेते. माझ्या आईच्या वेळी तर हा गुणाकार करायचीही सोय नव्हती. आमच्या तालुक्याच्या गावात बाईमाणसानं हॉटेलात पाऊल टाकणं हेच धाडस. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात मागच्या अंगाला हिरवा पडदा लावलेली 'फॅमिली रूम' होती. त्या पडद्याआड बसून खाल्लेली मिसळ तिला अजून आठवते. चव आठवते, आणि कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, ही धाकधूकही आठवते.

म्हणजे बाहेरचं खाणं हे नुसतं जिभेचं काम नाही. कुणाला आत घ्यायचं, कुणी कुठल्या टेबलाशी बसायचं, खिशात चार आणे असणाऱ्याच्या ताटात काय पडायचं, हे सगळं त्यात येतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका आचाऱ्यानं या सगळ्या टेबलांवर वाढून पाहिलं. उमरावांना वाढलं, उपाशांना वाढलं आणि एकदा तर एकाच आवारात सगळ्यांना बसवायचा घाट घातला. त्याचं नाव अलेक्सिस सोयर. त्या काळी इंग्लंडात त्याचं नाव घरोघरी माहीत होतं. आजच्या टीव्हीवरच्या शेफ मंडळींचा हा खापरपणजोबाच म्हणा ना.

सोयर जन्मानं फ्रेंच. पॅरिसजवळच्या मो या गावी ४ फेब्रुवारी १८१० ला गरीब घरात त्याचा जन्म झाला. पोरानं धर्मगुरू व्हावं म्हणून घरच्यांनी त्याला चर्चच्या शाळेत घातलं. पण या पठ्ठ्यानं मध्यरात्री चर्चची घंटा बडवून सगळं गाव जागं केलं आणि शाळेतून नाव काढून घेतलं, असं सांगतात. मग थोरल्या भावानं त्याला पॅरिसला नेऊन स्वयंपाकाच्या कामाला लावलं. पोरगा हुशार निघाला. विशीत फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्याच्या मुदपाकखान्यापर्यंत पोचला आणि नेमकी तेव्हाच, १८३० मध्ये, पॅरिसमध्ये क्रांती झाली. जमाव थेट स्वयंपाकघरात घुसला. सोयर क्रांतीचं गाणं म्हणत त्यातून सुटला, अशीही कथा आहे. त्याच्याबद्दलच्या अशा कथा पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच त्यानंच पिकवल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. १८३१ मध्ये तो भावापाठोपाठ लंडनला आला.

ते लंडन कसं होतं? जगभरची माणसं तिथं येऊन पडलेली. छळाला कंटाळून फ्रान्समधून आलेल्या विणकरांची वस्ती होती, ज्यू होते, इटालियन होते, आयर्लंडहून पोटासाठी आलेले मजूर होते. आपली माणसंही होती बरं का! सोयर जन्मला त्याच वर्षी, १८१० मध्ये, पाटण्याच्या दीन महोमेद या गृहस्थांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं होतं. करी, भात आणि जेवणानंतर हुक्का! दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं हा भाग वेगळा. रस्त्यावर भाजलेले बटाटे, वाटाण्याचं गरम सूप, तळलेले मासे, पाय, म्हणजे आपल्या करंजीसारखा सारण भरलेला प्रकार, असं पेनी-अर्ध्या पेनीत मिळायचं. हे गरिबाचं बाहेरचं खाणं. शौक म्हणून नव्हे, तर घरी चूलच नाही म्हणून!

आणि दुसऱ्या टोकाला होते क्लब. श्रीमंत पुरुषांचे. सोयरचं नाव झालं ते त्यातल्या रिफॉर्म क्लबात. १८३७ मध्ये तो तिथला मुख्य आचारी झाला. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक होता, त्या दिवशी सकाळी त्यानं दोन हजार माणसांची न्याहारी रांधली. क्लबची नवी इमारत उभी राहिली तेव्हा तिचं स्वयंपाकघर सोयरनं स्वतः आखून घेतलं. आज आपण शेगडीचं बटण फिरवून आच कमी-जास्त करतो त्यात आपल्याला काही वाटत नाही. पण १८४१ मध्ये गॅसवर स्वयंपाक करणं ही अजब गोष्ट होती. सोयरच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगड्या होत्या, वाफेवर चालणारी यंत्रं होती, मासे ताजे राहावेत म्हणून बर्फाच्या गार पाण्याची सोय होती. लोक ते बघायला तिकडे रीघ लावायचे आणि सोयर तिरकी मखमली टोपी घालून त्यांना स्वतः फिरवून दाखवायचा. त्याचे कपडेही तिरके कापलेले असायचे. सरळ शिवलेलं त्याला काही चालतच नसे!

स्वयंपाकघर बघायला बायका येत, कौतुक करत. पण वरच्या दिवाणखान्यात सभासद म्हणून त्यांना जागा नव्हती. ती मिळायला १९८१ साल उजाडावं लागलं. आमच्या गावच्या हिरव्या पडद्याला उगाच नावं ठेवली म्हणायची.

सोयरच्या आयुष्यातली बाई मात्र पडद्याआडची नव्हती. एमा जोन्स चित्रकार होती. बारा वर्षांची असेपर्यंत तिनं शंभराच्या वर माणसांची चित्रं काढली होती म्हणे. रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागायची. सोयर आपलं चित्र काढून घ्यायच्या निमित्तानं तिच्याकडे गेला आणि तिच्या प्रेमातच पडला. आचाऱ्याला मुलगी द्यायची म्हणून तिच्या सावत्र वडिलांची कुरकुर होती, पण १८३७ मध्ये लग्न झालं. दोघं आपापल्या कामात बुडालेली. पाच वर्षं सुखाची गेली. १८४२ च्या ऑगस्टमध्ये सोयर कामासाठी ब्रसेल्सला गेला होता. एमाचे दिवस भरत आले होते. लंडनमध्ये रात्री मोठं वादळ झालं, विजांच्या कडकडाटानं ती घाबरली, अवेळी कळा सुरू झाल्या आणि त्यातच ती गेली. अजून तिशीचीही झाली नव्हती. सोयरनं नंतर कधीच लग्न केलं नाही.

त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं. १८४६ मध्ये त्याचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक आलं. किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा शेतमजुराला आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मिळायचे. म्हणजे दोन आठवडे उपाशी राहिलं तर पुस्तक विकत घेता येणार!

त्याच सुमाराला आयर्लंडमध्ये लोक खरोखरच उपाशी मरत होते. १८४५ पासून तिथल्या बटाट्यावर करपा पडला होता. गरिबांचं सगळं जेवण म्हणजे बटाटा, आणि तोच शेतात काळा पडून सडत होता. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. सरकारनं १८४७ मध्ये सोयरला डब्लिनला बोलावलं, की कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त लोकांना खाऊ घालून दाखव.

त्यानं लाकूड आणि कापडाचा एक मोठा मांडव उभारला. मधोमध तीनशे गॅलनची म्हणजे तेराशे-चौदाशे लिटरची कढई. एका वेळी शंभर माणसं आत घ्यायची, घंटा झाली की त्यांनी सूप प्यायचं, काही मिनिटांनी पुन्हा घंटा, त्यांनी पावाचा तुकडा घेऊन पलीकडच्या दारानं बाहेर पडायचं, तोवर वाडगे पुसून पुढचे शंभर आत. चमचे चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीनं टेबलाला बांधलेले. दिवसाला हजारो लोकांचं पोट तिथं भरायला लागलं. लग्नातल्या पंगती उठवणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल की ही व्यवस्था किती डोकं लढवून केलेली आहे.

पण या कामाला गालबोट लागलं ते पहिल्याच दिवशी. ५ एप्रिलला उद्घाटनाचा समारंभ झाला. शहरातली बडी मंडळी नटूनथटून आली आणि प्रत्येकी पाच शिलिंग देऊन भुकेलेली माणसं कशी खातात ते बघत उभी राहिली. पैसे धर्मादायातच गेले, तरी काय झालं? प्राणिसंग्रहालयात जनावरांना खाणं घालताना बघतात तसं हे झालं, अशी टीका तिथल्या वर्तमानपत्रातच झाली. बाहत्तरच्या दुष्काळात ज्यांनी रांगेत उभं राहून सुकडी घेतली आहे, त्यांना ही बोच वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरा वाद सुपाचाच. सोयरच्या एका कृतीत नऊ लिटर पाण्याला मांस किती, तर अर्ध्या पावापेक्षाही कमी! बाकी थोडी चरबी, कांदा, भाज्यांची सालं-देठं, पीठ, जवाची भरड. पेनीभरातच लिटरभराहून जास्त सूप व्हायचं. चवीला चांगलं होतं, पण अंगी काय लागणार, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं चुकलं नव्हतं. सोयरला चव समजत होती, आणि चव असली की पोषण असतंच अशी त्याची समजूत होती. ती खरी नाही हे आज शाळेतली पोरही सांगेल. तरीपण अशा सूपघरांमधून त्या वर्षीच्या जुलैत आयर्लंडभर रोज तीस लाखांच्या आसपास माणसं जेवत होती. पातळ सूप वाईट, पण शरद ऋतूत सरकारनं ती सूपघरं बंद केली, ते त्याहून वाईट. तो दोष काही आचाऱ्याचा नव्हता.

लंडनला स्पिटलफील्ड्स भागात त्या फ्रेंच विणकरांच्या वंशजांची वस्ती होती. यंत्रमागांनी त्यांचा धंदा बुडवला होता. तिथंही सोयरनं सूपघर काढलं. आणि १८४८ मध्ये त्यासाठी पैसे उभे करायला त्यानं काय केलं? एमाच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या चित्रांवर आलेल्या पैशातून विणकरांच्या पोरांना सूप मिळालं. मला सोयरच्या सगळ्या आयुष्यातली ही गोष्ट फार आवडते. हाच भाग आज ब्रिक लेनमुळे ओळखला जातो आणि तिथं बांगलादेशी मंडळींची करीची हॉटेलं आहेत. येणारी माणसं बदलत गेली, पण पोटासाठी येणं चालूच राहिलं.

आता त्याच्या त्या मोठ्या घाटाची गोष्ट.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात साऱ्या जगाचं औद्योगिक प्रदर्शन भरलं. काचेचा महाल उभा राहिला. मे ते ऑक्टोबरात साठ लाखांवर लोकांनी हजेरी लावली. खेड्यापाड्यांतून आगगाड्या भरभरून लोक आले. ठरावीक दिवशी प्रवेश फक्त एक शिलिंग. एवढ्या लोकांना जेवायला कोण घालणार? प्रदर्शनाच्या आत दारूला बंदी होती. सोयरला ते पटेना. क्लबची नोकरी त्यानं आदल्याच वर्षी सोडली होती. त्यानं प्रदर्शनासमोरचा गोर हाउस नावाचा बंगला बागेसकट भाड्यानं घेतला आणि त्याला नाव दिलं, सर्व राष्ट्रांचं भोजनसंमेलन!

बंगल्याच्या एकेका खोलीला वेगळा थाट. कुठे चिनी सजावट, कुठे बर्फाची गुहा, जिन्याच्या भिंतींवर त्या काळच्या नामांकित माणसांची गमतीदार चित्रं. आत महागडं जेवण. बाहेर बागेत लांबच लांब मांडव आणि शंभरेक मीटरची एकच टेबलक्लॉथ अंथरलेली टेबलं, तिथं स्वस्तातलं जेवण. ज्याचा जसा खिसा तशी त्याची जागा, पण आवार एकच आणि रांधणारा हातही एकच. आख्खा बैल गॅसवर भाजायचा तमाशाही तिथं व्हायचा. आणि मुख्य म्हणजे इथं बायका, पोरं, अख्खं कुटुंब उघडपणे येऊन जेवू शकत होतं. क्लबात बायकांना मज्जाव, चॉपहाउसं पुरुषांनी भरलेली, अशा शहरात ही मोठीच गोष्ट होती. दिवसाला हजारभर माणसं तिथं जेवत.

तरीही ते चाललं नाही. सजावटीवर पैसा पाण्यासारखा ओतला होता. नोकरचाकर अफाट. संध्याकाळी नाचगाणं सुरू झालं, त्या गोंगाटाच्या तक्रारी गेल्या आणि परवान्याचं प्रकरण न्यायाधीशांपुढे फिसकटलं. ऑक्टोबरात दारं बंद झाली. सोयरला सात हजार पौंडांचा फटका बसला. हिशेबात तो कच्चाच होता. आणि एक शिलिंगवाले प्रेक्षक काय करत होते? त्यातले कितीतरी घरून टोपलीत भाकरतुकडा बांधून आणत होते. प्रदर्शनात दुसऱ्यांनी चालवलेल्या उपाहारगृहांत सोडा-लेमोनेडच्या दहा लाखांवर बाटल्या आणि नऊ लाखांवर गोड बन खपले. कुटुंब घेऊन जत्रेत गेलेली कुठलीही बाई सोयरला हे आधीच सांगू शकली असती. पोरांना दिवाणखाना नको असतो, हातात धरून खायला काहीतरी हवं असतं.

सोयरला मात्र बायकांचं म्हणणं कळत होतं, हेही सांगायला हवं. १८४९ मध्येच त्यानं गृहिणींसाठी पुस्तक काढलं होतं. दोन मैत्रिणी एकमेकींना पत्रं लिहितात आणि त्यातून घरखर्च, बाजारहाट, शिळ्याचं ताजं कसं करावं हे सगळं येतं. १८५४ मध्ये त्यानं गरीब घरांसाठी एक शिलिंगाचं पुस्तक काढलं. गिनीचं पुस्तक लिहिणारा माणूस शिलिंगावर आला! आणि हेच पुस्तक लाखांवर खपलं. त्यात स्वस्त मटणाचं काय करावं हे आहे, एका भांड्यात सगळा स्वयंपाक कसा उरकावा हे आहे आणि ज्यू पद्धतीचा तळलेला मासाही आहे. लंडनच्या रस्त्यावर ज्या लोकांच्या हातचं खाल्लं जायचं, त्यांची कृती त्यांच्या नावानिशी पुस्तकात आली. इंग्रजी लिहिण्याची त्याची बोंबच होती, सगळं तो सेक्रेटरीला सांगून लिहून घ्यायचा. पण सांगणारा तोच!

पुढचा भाग आपल्या ओळखीच्या एका बाईंच्या सोबतीचा आहे. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज शिपाई गोळ्यांपेक्षा रोगराईनं आणि उपासमारीनं जास्त मरत होते. सोयर स्वखर्चानं तिकडे निघाला. आजच्या इस्तंबूलमधल्या स्कुटारीच्या इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करत होत्या. तिथल्या स्वयंपाकघरात प्रत्येक गटाचं मांस वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला चिंध्या, खिळे, बटणं असलं काहीबाही बांधून एकाच कढईत टाकायचे. वरचं कच्चं, खालचं गळलेलं. आणि ज्या पाण्यात ते शिजायचं ते चक्क ओतून द्यायचे! सोयरनं आधी ते पाणी वाचवलं. त्याचं सूप केलं. मांस एकत्र शिजवून मग वाटायला लावलं. मोठ्या किटलीत गाळणी बसवून शेकडो आजाऱ्यांना गरम चहा देण्याची सोय केली. पुढे तो बाईंबरोबर आघाडीवर गेला, तिथं तापानं मरता मरता वाचला. बालाक्लाव्हाजवळ मेरी सीकोल या जमैकाच्या बाईंनी शिपायांसाठी खानावळ काढली होती. नर्स म्हणून त्यांना अधिकाऱ्यांनी घेतलं नव्हतं, तर त्या स्वतःच्या पैशानं येऊन पोचल्या होत्या. त्यांच्या हातच्या जेवणाचं सोयरला भारी कौतुक. दोन पक्के खानावळवाले भेटल्यावर काय गप्पा झाल्या असतील!

युद्धासाठी त्यानं एक शेगडी बनवली होती. पत्र्याच्या पिंपासारखी, वर झाकण. आत लाकूड, कोळसा, गोवऱ्या काहीही जाळा. सरपण थोडं लागायचं, जाळ बाहेर दिसायचा नाही, त्यामुळे शत्रूला पत्ता लागायचा नाही, आणि भर पावसातही पन्नासेक माणसांचं जेवण व्हायचं.

१८५७ मध्ये तो लंडनला परतला तो खंगलेलाच. तरी स्वस्थ बसला नाही. लष्कराच्या एका बराकीत नमुन्याचं स्वयंपाकघर त्यानं उभं केलं, ते १८५८ च्या जुलैत सुरू झालं आणि ५ ऑगस्टला तो गेला. वय अवघं अठ्ठेचाळीस. नाइटिंगेलबाईंना त्याच्या जाण्याचा मोठाच धक्का बसला, कारण लष्कराच्या जेवणाची सुधारणा अर्ध्यावर होती. मागे संपत्ती काही उरली नव्हती, देणीच होती.

केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत एमासाठी त्यानं पूर्वीच भलंमोठं स्मारक बांधून ठेवलं होतं. त्यालाही तिच्याजवळच ठेवलं. गोर हाउसचा बंगला नंतर पाडला. त्या जागेवर १८७१ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉल उभा राहिला, तो आजही आहे. त्याची झाकणवाली शेगडी ब्रिटिश सैन्यात पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ पेटत राहिली.